बर्फाच्या रस्त्यावरून गावी जाताना

कॅनडाच्या उत्तरेत, यलोनाइफमध्ये मी इमारती गरम ठेवणारे बॉयलर आणि फर्नेस दुरुस्त करतो. नऊ हिवाळे झाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझं निम्मं काम शहराबाहेर असतं, कारण गामेटी, वेक्वेटीसारख्या गावांना जड सामान पोचवायला वर्षातले तेवढेच काही आठवडे हाती असतात. उन्हाळ्यात तिथे जायला रस्ताच नाही. विमानं आहेत, पण छोट्या विमानातून दोनशे किलोचा बॉयलर नेण्याचा खर्च ऐकला की गावची शाळा जुन्याच बॉयलरवर आणखी एक हिवाळा काढते. मग तलाव गोठले की त्यांच्यावरून रस्ता आखला जातो. वर्षभराचं डिझेल, घरबांधणीचं लाकूड, पिठाची पोती, स्नोमोबाइल, सगळं त्या रस्त्याने येतं. एप्रिलमध्ये त्या रस्त्याचं पुन्हा पाणी होतं.

कॅनडाच्या या उत्तर भागात हल्ली नर्स, शिक्षक, इलेक्ट्रिशियन म्हणून मराठी मंडळी येऊ लागली आहेत. कुणाकडून तरी माझा नंबर मिळतो आणि फोन येतो: "दादा, खरंच तळ्यावरून गाडी न्यायची?" फोनवर अर्ध्या तासात सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

हे सगळं सरकारने उघडलेल्या, फलक लावलेल्या रस्त्यांपुरतं आहे. मोकळ्या तलावावर स्वतःच्या अंदाजाने गाडी घालायची नाही. त्यासाठी कुठलीही युक्ती मी सांगणार नाही.

आधी शब्दांची एक अडचण सोडवू. आपल्या भाषेत आकाशातून पडतो तोही बर्फ आणि पाणी गोठून होतो तोही बर्फ. इथे या दोघांत जीवनमरणाचा फरक आहे. म्हणून पुढे भुरभुर पडणाऱ्याला मी हिम म्हणेन, आणि तलावावर धरतो त्या टणक थराला बर्फ.

खाली पाणी आहे

बर्फाचा रस्ता तरंगतो. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप कळतात. दुधावर साय धरते तसा तलावावर बर्फ धरतो, आणि गाडी त्या सायीवरून जाते. गाडीच्या वजनाने साय खाली वाकते, खालचं पाणी तिला वर रेटतं, आणि या दोघांच्या जोरावर तुम्ही पलीकडे पोचता. डांबरी रस्त्याला तुम्ही कधी गेलात, किती वेळ थांबलात, शेजारी कोण उभं होतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. बर्फाला असतं.

रस्ता तयार करणारी माणसं काय करतात ते थोडं समजून घ्या. हिम म्हणजे गोधडी. ती तलावावर पसरलेली असली की थंडी खाली उतरत नाही आणि बर्फ वाढत नाही. म्हणून बर्फ पुरेसा धरला की ते हलक्या वाहनांनी हिम बाजूला सारतात. उघडा पडलेला बर्फ मग रात्रंदिवस जाड होत जातो. जिथे कमी पडतो तिथे भोक पाडून खालचं पाणी पंपाने वर पसरतात आणि गोठू देतात. जाडी मोजायला आता रडार असतं, गाडीमागे ओढत नेलं की खालच्या थराचा नकाशा मिळतो. तरीही जागोजाग भोक पाडून पट्टीने मोजणं चालूच असतं. उणे पस्तीसमध्ये हे काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी लावलेल्या फलकावरचा आकडा म्हणजे त्यांच्या महिनाभराच्या मेहनतीचा हिशेब आहे, तो तसाच मानायचा.

त्या आकड्यामागचं गणित सोपं आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले लॉर्न गोल्ड यांनी बर्फावरच्या वाहतुकीच्या प्रत्यक्ष नोंदी तपासून १९७१ साली ते मांडलं, आणि आजही सगळे त्याच पायावर मोजतात. बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, मग ४ ने गुणा. येईल तेवढे किलो तो बर्फ पेलतो. ३० सेंटिमीटर असेल तर ३,६०० किलो. ६० असेल तर १४,४०० किलो. म्हणजे जाडी दुप्पट झाली की पेलण्याची ताकद चौपट होते. हे ऐकून लोक खूश होतात, पण उलटा हिशेबही तितकाच खरा: जाडी निम्मी असेल तर ताकद चौथाईवर येते. १५ सेंटिमीटरवर उरतात फक्त ९०० किलो. अधिक सावध राहायचं तिथे ४ ऐवजी ३.५ ने गुणतात.

सगळा बर्फ सारखा नसतो. खालून सावकाश गोठलेला बर्फ निळसर-काळा, काचेसारखा आरपार दिसतो. तो भक्कम. ओलं हिम गोठून वर जो दुधी पांढरा थर होतो त्यात हवेचे बुडबुडे असतात, म्हणून त्याची जाडी निम्मीच धरायची. एकूण ६० सेंटिमीटर असेल आणि त्यातले वरचे २० पांढरे असतील, तर हिशेबाला ५० घ्यायचे. ते झाले १०,००० किलो. डोळ्याला मात्र तो ६०च दिसतो.

आधी वजन

नवीन माणूस कपडे, जेवण, टायर यांची चौकशी करतो. वजनाची कुणी करत नाही. माझ्यासाठी पहिलं काम तेच.

माझा पिकअप डिझेलची टाकी भरून ३,१०० किलोचा. अवजारं आणि सुटे भाग ४२० किलो. बॉयलर २१०. मी आणि माझा जोडीदार, जाड कपड्यांसकट १९०. झाले ३,९२०. कागदपत्रात लिहिलेलं गाडीचं वजन रिकाम्या गाडीचं असतं, ते धरू नका. सामान भरून वजनकाट्यावर उभी करा. ट्रेलर असेल तर दोन्ही मिळून मोजा. हंगामाच्या सुरुवातीला रस्ता हलक्या गाड्यांसाठीच उघडतात आणि बर्फ वाढेल तशी मर्यादा वाढवत नेतात. त्यामुळे मागच्या आठवड्यात कुणी ट्रक घेऊन गेला म्हणून तुम्हीही जाल, असं गृहीत धरू नका, आणि उलटंही नको. निघायच्या दिवशी सकाळी सरकारच्या रस्ते-स्थितीच्या पानावर तुमच्या रस्त्याची त्या दिवशीची मर्यादा पाहा. तुमचं वजन मर्यादेच्या काठावर येत असेल तर दोन खेपा करा. मी केल्या आहेत. एक दिवस जास्त गेला, बाकी काही बिघडलं नाही.

गाडीत काय हवं

मोबाइलला रेंज नसते. यलोनाइफ सोडलं की तासाभरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ. म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र घ्या आणि ते खिशात ठेवा, गाडीच्या खणात नको. गाडी सोडून पळायची वेळ आली तर खणातलं यंत्र गाडीबरोबर जाईल.

माणशी एक झोपण्याची पिशवी, उणे चाळीसला चालणारी. फावडं, ओढायचा दोर, बॅटरीला झटका देणारा पॅक, डोक्याला बांधायचा दिवा, जादा चाक, दोन दिवसांचं खाणं. पाण्याच्या बाटल्या गोठतात, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी. जाड मेणबत्त्या आणि त्या लावायला पत्र्याचा डबा: बंद गाडीत एक मेणबत्तीही बराच फरक पाडते, फक्त काच बोटभर उघडी ठेवायची. बोटं वेगळी असलेले हातमोजे कामापुरते. ऊब हवी तर चारही बोटं एकत्र राहणारे मोठे मिट्स. गळ्यात बर्फात रोवायचे टोकदार खिळे अडकवलेले. इथले मासेमारी करणारे ते सतत घालतात. आणि काच फोडून सीटबेल्टचा पट्टा कापणारं छोटं हत्यार ड्रायव्हरच्या हाताला येईल असं बांधलेलं.

इंजिन गरम ठेवायला इथल्या प्रत्येक गाडीला विजेचा प्लग असतो, बॉनेटमधून बाहेर लोंबतो. उणे वीसच्या खाली गेलं की निघायच्या आधी चार तास तो जोडून ठेवा. डिझेल हिवाळ्याचंच भरा, नाहीतर ते नळीत जेलीसारखं घट्ट होतं. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. उणे चाळीसच्या सकाळी गाडी हलवली की पहिले एकदोन किलोमीटर धडधड होते, कारण रात्रभर एका जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होऊन तसेच कडक झालेले असतात. घाबरू नका, फिरून गरम झाले की गोल होतात. प्लास्टिक मात्र त्या थंडीत काचेसारखं तुटतं, तेव्हा दारं आपटू नका.

निघताना एका माणसाला मार्ग आणि पोचायची वेळ सांगा, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा तेही ठरवा. डिसेंबरच्या अखेरीस इथे जेमतेम पाच तास सूर्य असतो, मार्चच्या सुरुवातीला साडेदहा-अकरा. पहिली खेप शक्यतो मार्चमध्ये, उजेडात करा.

तलावावर

यलोनाइफहून तीन नंबरच्या महामार्गाने बेचोको गावाच्या पुढे गेलं की उजवीकडे त्लिचो महामार्ग फुटतो. व्हाटी गावापर्यंतचा हा ९७ किलोमीटरचा बारमाही रस्ता नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. त्याआधी व्हाटीलाही हिवाळी रस्त्यानेच जावं लागायचं. आता तिथून पुढे गामेटीकडे बर्फ सुरू होतो.

पहिल्या तलावाच्या काठावर, अजून जमिनीवरच, माझ्याबरोबरचे वयस्कर सहकारी गाडी थांबवायला सांगतात. ते त्लिचो आहेत, म्हणजे इथल्या डेने आदिवासींपैकी, याच पाण्याकाठी वाढलेले. खाली उतरून चिमूटभर तंबाखू पाण्याला देतात. डेने लोकांची ही जुनी रीत आहे: ज्याच्या अंगावरून जायचं त्याला आधी काहीतरी द्यायचं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणारे आपले कोळी मला दर वेळी आठवतात. मी शेजारी गप्प उभा राहतो. तुमच्याबरोबर असं कुणी असेल तर घाई करू नका, आणि त्या वेळी फोटो काढू नका.

मग वेग. रिकामा, गुळगुळीत, सरळ रस्ता समोर दिसला की पाय आपोआप दाबला जातो. तिथे घसरण्याचा धोका आहेच, पण खरा धोका डोळ्याला दिसत नाही. गाडी पुढे जाते तशी तिच्या वजनाने वाकलेल्या बर्फाखाली पाण्यात एक लाट तयार होते आणि ती गाडीबरोबर चालते. खालचं पाणी जितकं उथळ, तितकी लाट सावकाश. पाच मीटर खोल पाण्यात ती साधारण ताशी २५ किलोमीटरने जाते, दोन मीटरमध्ये सोळाने. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग एक झाला की लाट मोठी होत जाते, आणि बर्फ त्याच्या ताकदीपेक्षा जास्त वाकतो. काठाजवळ तर ही लाट जमिनीवर आपटून परत फिरते, तिला जायला जागा नसते. बर्फ फुटतो तो पुष्कळदा काठाजवळच, आणि कधी कधी गाडी पुढे निघून गेल्यावर.

म्हणून काठ जवळ आला की हळू. तलावात उतरताना हळू, तलावातून वर चढताना हळू. रस्ता काठाला तिरका नेलेला दिसेल, तोही यासाठीच, म्हणजे लाट एकदम सगळ्या काठावर आदळत नाही. समोरून जड ट्रक येत असेल तर दोघांनी वेग कमी करायचा, कारण दोन लाटा एकमेकींना भेटतात. यलोनाइफच्या पूर्वेला टिबिट तलावापासून हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा खासगी हिवाळी रस्ता १९८२ पासून दरवर्षी बांधतात, त्यावर भरलेल्या टँकरना ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असते, काही ठिकाणी दहाची. ड्रायव्हर अख्खी रात्र त्या वेगाने चालवतात. आपल्या पिकअपला फलक जे सांगेल ते, आणि फलक नसेल तिथे कमीच.

दोन गाड्यांत अंतर ठेवा. पुढच्याचे मागचे दिवे लहान ठिपक्यांएवढे दिसले पाहिजेत. आणि पुढची गाडी घसरून थांबली तर धावत तिच्या शेजारी जाऊन उभे राहू नका.

हे मी फार वाईट पद्धतीने शिकलो. दुसरा हिवाळा होता, मार्चचा महिना, उणे अठरा, लख्ख ऊन. एका मालाच्या ट्रकचं चाक गेलं होतं. मागून येणारे सगळे मदतीला थांबले: आमचा पिकअप, आणखी दोन पिकअप, एक व्हॅन, सगळे एका ओळीत, ट्रकला चिकटून. कुणी जॅक लावतंय, कुणी चहा ओततंय. अर्ध्या तासाने माझ्या बुटाजवळच्या भेगेतून पाणी वर आलं. थोडंसंच, बोटभर. मी ते पाहत उभा राहिलो. आमचे वयस्कर सहकारी दुरून चालत आले, अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "गाड्या पांगवा. एकेक करून, हळू." आम्ही पांगवल्या. शेवटची गाडी हलली तेव्हा ट्रकभोवतीचा बर्फ बशीसारखा खाली गेलेला दिसत होता.

चालत्या गाडीखाली बर्फ वाकतो आणि परत वर येतो. उभ्या गाडीखाली तो वाकत राहतो, तासन् तास, डोळ्याला न कळता. म्हणून जो बर्फ चालती गाडी पेलतो तो तीच गाडी मुक्कामाला पेलेल असं नाही. दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं तर हिशेबच वेगळा मांडावा लागतो. चहा, लघवी, फोटो सगळं जमिनीवर, म्हणजे दोन तलावांमधल्या जमिनीच्या पट्ट्यावर, ज्याला इथे पोर्टेज म्हणतात. बर्फावर थांबावंच लागलं तर गाड्या एकमेकींपासून दूर, आणि मधूनमधून जागा बदलत.

हिम सारून मोकळा केलेला पट्टा सोडू नका. बाजूला सारलेल्या हिमाच्या बांधाखाली बर्फ पातळ राहतो, कारण तिथे गोधडी दुप्पट जाड. शिवाय बांधाच्या वजनाने बर्फ दबतो, भेगेतून पाणी वर येऊन हिमाखाली साचतं. वरून सगळं पांढरं कोरडं दिसतं, चाक घातलं की गुडघाभर गाळ. इथले लोक त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. गाडी त्यात रुतली की चाकांभोवती तासाभरात सिमेंट होतं.

वारा सुटला की हिमाचा धुरळा जमिनीलगत वाहतो आणि रस्ता, बांध, आकाश सगळं एकच होतं. वारा वाढतोय असं वाटलं तर पोर्टेजवर थांबून वाट पाहा किंवा परत फिरा. तलावाच्या मधोमध काही दिसेनासं झालं तर गाडी सोडून चालत जाऊ नका. दिवे चालू ठेवा आणि दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते हिमाने बुजलं की धुरातला विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो, आणि झोप लागते ती कायमची.

आवाज आणि भेगा

बर्फ बोलतो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा पोटात गोळा येईल. दूर कुठे तोफ डागल्यासारखा आवाज, मग तारेवर काठी मारल्यासारखी लांबच लांब झिणझिण. थंडी वाढली की बर्फ आकुंचन पावतो आणि तडकतो, ते हे आवाज. भरपूर जाडीच्या बर्फात ते रोजचेच. कोरडी, अरुंद, काचेतल्या रेघेसारखी भेग असेल तर पुढे जा. भेगेत पाणी दिसलं, किंवा एका जागेभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा आणि त्यांना जोडणारी गोल भेग दिसली, तर थांबा, आल्या वाटेने मागे या आणि रस्त्यावरच्या लोकांना कळवा. रात्रीत पारा एकदम खूप खाली आला असेल तर बर्फ ठिसूळ असतो, एक दिवस थांबणं बरं. आणि चोवीस तास शून्याच्या वर गेले असतील तर मघाचं गणित विसरा, ते थंड बर्फासाठी आहे.

गाडी पाण्यात गेली तर

उघडलेल्या रस्त्यावर असं क्वचित घडतं. पण घडल्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून घरी बसून पाठ करा. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्त यांनी बुडणाऱ्या गाड्यांवर आणि थंड पाण्यातल्या माणसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आहेत. त्यांचा क्रम असा: पट्टा सोडा, काच उघडा, आधी मुलं मग मोठी माणसं बाहेर. गाडी लगेच बुडत नाही, सुरुवातीचा मिनिटभर तरंगते. ते मिनिट काच उघडण्यासाठी आहे. दार उघडू नका, पाणी आत घुसून गाडी क्षणात खाली जाईल. फोन करू नका. पाणी काचेपर्यंत चढलं की काच उतरत नाही.

पाण्यात पडल्यावर एक, दहा, एक हे आकडे लक्षात ठेवा. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते. तेव्हा फक्त डोकं वर ठेवायचं. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय तुमचं ऐकतात. शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे घाबरून पहिल्या मिनिटात हातपाय मारून दमू नका, आणि नंतरची दहा मिनिटं वायाही घालवू नका. ज्या बाजूने आलात तिकडे वळा, तिथल्या बर्फाने मघाशी तुम्हाला पेललं होतं. गळ्यातले खिळे रोवा, पाय मागे झाडत आडवे होऊन वर सरका, आणि वर आल्यावर उभे राहू नका, लोळत दूर जा. मग दुसऱ्या गाडीत शिरून ओले कपडे काढा.

सीटबेल्टबद्दल हमखास विचारतात. पातळ बर्फावर रस्ता उघडणारे कामगार पट्टा न लावता बसतात, ते त्यांचं काम. उघडलेल्या रस्त्यावर मी पट्टा लावतो. पोर्टेजचे चढउतार आणि वळणं निसरडी असतात, गाडी उलटण्याची भीती तिथे जास्त, असं माझं मत आहे.

हंगामाच्या शेवटी

मार्चच्या अखेरीस ऊन चढतं. बर्फ जाडीला तेवढाच असतो पण आतून सुटायला लागतो, काठावर पाणी दिसतं. मग रस्ता फक्त रात्री, थंडीत वापरायला देतात आणि एक दिवस बंद करतात. शेवटच्या आठवड्यात काम ठेवू नका. गेलात आणि रस्ता बंद झाला तर तुम्ही विमानाने परत याल, तुमची गाडी पुढच्या हिवाळ्यापर्यंत गावात राहील.

हा शेवट आता कधी येईल याचा भरवसा उरलेला नाही. २००६ चा हिवाळा इतका उबदार गेला की खाणींचा रस्ता लवकर बंद करावा लागला आणि उरलेलं इंधन विमानाने न्यावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीला ऑन्टॅरिओच्या उत्तरेकडच्या आदिवासी गावांचे हिवाळी रस्ते वेळेत तयारच होईनात, तेव्हा त्यांच्या नेत्यांनी आणीबाणी जाहीर केली. इनुविक ते टक्टोयाक्टक हा समुद्राच्या बर्फावरूनही जाणारा रस्ता एप्रिल २०१७ मध्ये शेवटचा बंद झाला आणि त्याच नोव्हेंबरात तिथे बारमाही महामार्ग सुरू झाला. पण प्रत्येक गावाला असा महामार्ग मिळणार नाही. गामेटीत ज्या घरात मी चहा पितो तिथली आजी विचारते, "यंदा किती जाड आहे?" तिच्या घराचं वर्षभराचं तेल त्या आकड्यावर ठरतं. तुम्ही आकडा पाहून गेला असाल तर तिला सांगा, तिला खरंच जाणून घ्यायचं असतं.

गावात पोचल्यावर

पोचल्याचा निरोप आधी पाठवा. गाडी प्लगला जोडा. जाण्यापूर्वी गावात फोन करून काय आणू विचारायला विसरू नका: ताजी फळं, अंडी, कुणाच्या स्नोमोबाइलचा पट्टा. दुकान आहे, पण महाग. दारूवर काही गावांत पूर्ण बंदी आहे, तिथला नियम आधीच विचारून घ्या आणि पाळा. वाटेत तलावावर कॅरिबू, म्हणजे इथले रानटी रेनडियर, बसलेले दिसले तर थांबून त्यांना जाऊ द्या, हॉर्न वाजवू नका. त्यांच्या बाथर्स्ट नावाच्या कळपात १९८६ च्या सुमारास साडेचार लाखांवर जनावरं होती, २०१८ च्या गणनेत ती आठ हजारांच्या आसपास उरली.

आणि परतीचं वजन पुन्हा करा. जाताना बॉयलर नेलात, येताना गाडी रिकामी असेल असं वाटतं. तसं होत नाही. शाळा म्हणते जुना बॉयलर भंगारात न्या, तो ओतीव लोखंडाचा, नव्याच्या दुप्पट जड. कुणी बिघडलेली स्नोमोबाइल दुरुस्तीला देतं. कुणा मावशींना दवाखान्यासाठी यलोनाइफला यायचं असतं, सोबत दोन नातवंडं. मी नाही म्हणत नाही. मावशी आणि नातवंडं गाडीत बसतात, स्नोमोबाइल दोरांनी बांधतो, आणि त्या दिवशी गणित जुळलं नाही तर बॉयलर पुढच्या खेपेपर्यंत शाळेच्या मागे हिमात राहतो.